ब्रेन ट्युमरवर इलेक्ट्रिक पल्सचे प्रयोग: उंदीर, कुत्रे आणि आपण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुत्र्याला ब्रेन ट्युमर निघाला, किंवा घरात कुणाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा फार घातक कॅन्सर) निघाला, की लोक रात्र रात्र नेटवर शोधत बसतात आणि कुठेतरी "विजेच्या झटक्याने गाठ नष्ट" अशी बातमी सापडते, मग फॅमिली ग्रुपवर ती फिरते आणि प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे एकत्र घेतलेत. ही डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा नाही, पण डॉक्टरांशी बोलायला बसाल तेव्हा निदान काय विचारायचं ते कळेल.

हा प्रकार नेमका आहे काय?

गाठीत दोन किंवा जास्त बारीक सुयांसारखे इलेक्ट्रोड घालतात आणि त्यांच्यामधून अगदी थोड्या वेळाच्या, पण जोरदार व्होल्टेजच्या पल्स सोडतात. एक पल्स साधारण ५० ते १०० मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी, आणि अशा बऱ्याच पल्स एकामागे एक देतात, बहुतेक वेळा ८० ते ९० च्या आसपास. यालाच इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. पेशी मरायलाच हव्या असतील तर इर्रिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे आयआरई. आणि पेशी न मारता फक्त तात्पुरती उघडायची असेल, औषध आत जावं म्हणून, तर रिव्हर्सिबल. तत्त्व एकच, फरक डोसचा.

पण नुसत्या पल्सने पेशी मरते कशी?

पेशीभोवती चरबीचं एक पातळ आवरण असतं, साधारण ५ नॅनोमीटर जाड. बाहेरून इलेक्ट्रिक फील्ड लावलं की या आवरणाच्या दोन्ही बाजूंना चार्ज जमतो आणि आवरणावरचं व्होल्टेज वाढत जातं. ते साधारण अर्धा ते एक व्होल्टच्या घरात गेलं की आवरण तग धरत नाही आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. साधा हिशोब करून बघा: १० मायक्रोमीटर त्रिज्येची गोल पेशी आणि फील्ड दर सेंटीमीटरला ५०० व्होल्ट, तर पेशीच्या टोकाला आवरणावर सुमारे पाऊण व्होल्ट येतो. मेंदूत पेशी मारायला लागणारं फील्ड कुत्र्यांवरच्या सुरुवातीच्या कामात याच पातळीच्या आसपास निघालं होतं.

छिद्रं थोडी असतील तर काही मिनिटांत ती बुजतात, पेशी जगते. जास्त असतील, वारंवार पडत असतील, तर आतले आयन बाहेर, बाहेरचे आत, कॅल्शियम भसाभस आत घुसतं, ऊर्जा संपते आणि पेशी मरते. काही तिथल्या तिथे फुटतात, काही थोड्या वेळाने स्वतःच स्वतःला संपवणाऱ्या प्रक्रियेने जातात. पल्स संपल्या म्हणजे काम संपलं असं नसतं, पुढचे कित्येक तास ते चालू असतं.

म्हणजे मेंदू भाजला जातो का?

नाही, आणि हाच या पद्धतीचा मोठा मुद्दा आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी, लेसर, मायक्रोवेव्ह या सगळ्यांत उष्णतेने गाठ मारतात. इथे मारायचं काम फील्ड करतं, उष्णता नाही. पण "नॉन-थर्मल" हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. करंट वाहिला की थोडी उष्णता होणारच, विशेषतः इलेक्ट्रोडच्या अगदी जवळ. म्हणून व्होल्टेज, पल्सची लांबी, दोन पल्समधला वेळ, सगळं आधी कॉम्प्युटरवर मांडून ठरवतात, तापमान कुठे किती वाढेल तेसुद्धा. प्लॅनिंग नीट झालं तरच ते नॉन-थर्मल राहतं, आपोआप राहत नाही.

मग रक्तवाहिन्या फाटत नाहीत का?

मोठ्या रक्तवाहिन्यांची भिंत मुख्यतः कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या जाळीवर उभी असते. त्या जाळीला पेशीसारखं आवरण नाही, त्यामुळे पल्स तिचं फारसं बिघडवत नाहीत. भिंतीतल्या पेशी मरतात पण सांगाडा राहतो. म्हणून यकृतात, स्वादुपिंडात, जिथे मोठी वाहिनी गाठीला चिकटून असते आणि सर्जन हात लावायला कचरतात, तिथे माणसांवर आयआरई वापरलं गेलंय. आणखी एक, मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यातली सीमा फार रेखीव निघते, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मधला संक्रमणाचा पट्टा अगदी थोड्या पेशींच्या रुंदीचा दिसतो. मेंदूसारख्या अवयवात, जिथे दोन मिलीमीटर इकडे तिकडे झालं तर माणूस बोलायचा थांबतो, तिथे ही गोष्ट किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

हे शोधलं कुणी?

एका माणसाचं नाव घेता येत नाही. १९८२ मधे नॉयमन आणि सहकाऱ्यांनी पल्स देऊन उंदराच्या पेशींमधे डीएनए घालून दाखवला, तिथून इलेक्ट्रोपोरेशन हा शब्द लॅबमधे रुळला. फ्रान्समधे लुई मिर यांच्या गटाने पल्सने पेशी उघडून ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध आत घालायची पद्धत उभी केली. मग २००५ मधे राफाएल दावालोस, लुई मिर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी हिशोबाने दाखवलं की औषध न वापरता, आणि न भाजता, नुसत्या पल्सने बऱ्यापैकी मोठा भाग मारता येईल. त्याआधी इर्रिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन म्हणजे प्रयोगात काहीतरी बिघडलं, पेशी मेल्या, असंच धरत असत. जे टाळायचं होतं तेच उपचार म्हणून वापरायचं, हा विचार मला आजही भारी वाटतो.

पुढे दावालोस, हे इंजिनियर, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात होते आणि तिथेच पशुवैद्यकीय न्यूरोलॉजिस्ट जॉन रॉसमाइझल होते. इंजिनियर आणि प्राण्यांचे डॉक्टर एका कॅम्पसवर, एका टेबलावर बसले म्हणून मेंदूवरचं हे काम पुढे गेलं. पाउलो गार्सिया, थॉमस एलिस ही नावंसुद्धा सुरुवातीच्या पेपरांमधे सतत दिसतात.

उंदीर पुरेसे नाहीत का? कुत्रे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बऱ्याचदा रागाने येतो, तो राग मला समजतो.

उंदराचा मेंदू साधारण २ ग्रॅमचा (मोठा प्रयोगशाळेतला उंदीर, रॅट म्हणतात तो), माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅम. उंदरात गाठ बहुतेक वेळा लॅबमधे वाढवलेल्या पेशी टोचून तयार करतात. एफ९८, ९एल, सी६ अशी त्या पेशींची नावं असतात. काही प्रयोगांत माणसाच्या पेशी टोचतात आणि त्या नाकारल्या जाऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर घेतात. अशी गाठ बऱ्याचदा गोळ्यासारखी, कडेने सुटसुटीत वाढते. खरी ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ, ग्लायोब्लास्टोमा हा तिचाच सगळ्यात घातक प्रकार) तशी वागत नाही, ती हरळीसारखी असते, वरून उपटली तरी धागे जमिनीत लांबवर गेलेले असतात. शिवाय माणसांसाठी बनवलेला इलेक्ट्रोड उंदराच्या मेंदूत घालायचा म्हणजे प्रमाणाचाच गोंधळ.

कुत्र्यांमधे ग्लायोमा आपोआप होते. बॉक्सर, बोस्टन टेरियर, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, अशा चपट्या नाकाच्या काही जातींत तिचं प्रमाण बरंच जास्त आहे. गाठ मोठी, प्रतिकारशक्ती शाबूत, मायक्रोस्कोपखाली माणसाच्या गाठीशी पुष्कळ साम्य, आणि एमआरआय, भूल, इलेक्ट्रोड सगळं जवळपास माणसांचंच वापरता येतं. मुख्य म्हणजे या प्रयोगांमधले आजारी कुत्रे हे कुणाच्या तरी घरचे असतात, त्यांना गाठ कुणी दिलेली नसते, त्यांचे पालक परवानगी देतात आणि त्यांना घरी घेऊन जातात. ते पेशंट आहेत, आणि त्यांच्याशी तसंच वागायला हवं.

पण पूर्ण खरं सांगायचं तर सुरुवातीचं काम निरोगी कुत्र्यांच्या मेंदूवरही झालं, २०१० आणि २०११ च्या पेपरांमधे ते आहे. आधी निरोगी मेंदूत पल्स सुरक्षित आहेत का, फील्ड किती लागतं, ते बघितलं, मग आजारी कुत्र्यांकडे गेले. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र हे झाकून ठेवून फक्त घरच्या कुत्र्यांच्या गोड गोष्टी सांगणं मला बरोबर वाटत नाही.

पहिल्या कुत्र्याचं काय झालं?

२०११ मधे प्रसिद्ध झालेली केस आहे. ऑपरेशन न करता येण्यासारखी घातक ग्लायोमा असलेला कुत्रा. आयआरई केलं, गाठ लहान झाली, कवटीतला दाब कमी झाला, कुत्र्याची अवस्था इतकी सुधारली की नंतर त्याला नेहमीचं रेडिएशन देता आलं. पुढच्या एमआरआयमधे गाठ पूर्ण गेल्याचं दिसलं. आणि तरीही कुत्रा आयआरईनंतर १४९ दिवसांनी गेला, रेडिएशनने मेंदूला होणाऱ्या इजेमुळे. बातम्यांमधे पहिली चार वाक्यं येतात, पाचवं गळतं. त्याच पेपरात लिहिलंय की एवढं आयुष्य ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या कुत्र्यांच्या तोडीचं होतं. ज्याचं ऑपरेशनच शक्य नव्हतं त्याच्यासाठी हे कमी नाही, पण चमत्कारही नाही.

मग पुढे? एका कुत्र्यावरून काय कळणार?

बरोबर. २०१५ मधे रॉसमाइझल यांच्या गटाने ग्लायोमा असलेल्या ७ कुत्र्यांचा अभ्यास छापला. मशीन नॅनोनाइफ नावाचं, माणसांसाठी बनलेलं. प्रत्येक कुत्र्याच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं, बायॉप्सीने गाठ नक्की केली, मग पल्स. गाठी सरासरी १.९ घनसेंटीमीटरच्या होत्या, कुत्रे सरासरी नऊ वर्षांचे, म्हणजे म्हातारेच.

७ पैकी ६ कुत्र्यांमधे मेंदूला थेट मोठी इजा न होता गाठीचा भाग मारता आला. २ कुत्र्यांना गंभीर त्रास झाला: एकाला श्वासनलिकेत अन्न किंवा द्रव जाऊन होणारा न्यूमोनिया झाला आणि तो गेला, दुसऱ्याच्या मेंदूला सूज आली आणि काही काळ त्याची अवस्था खालावली. ज्या ५ कुत्र्यांमधे गाठ मोजता येत होती त्यातल्या ४ मधे ती लहान झाली. मिडियन आयुष्य (निम्मे त्याहून कमी जगले, निम्मे जास्त) ११९ दिवस, पण पसारा बघा: एका कुत्र्यासाठी १ दिवस, तर एकासाठी ९४० दिवसांहून जास्त.

हा अभ्यास सुरक्षितता बघायला केला होता, पहिले १४ दिवस हाच त्याचा मुख्य मुद्दा. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून "पल्स दिल्याने कुत्रे जास्त जगतात" असं यावरून म्हणता येत नाही, आणि "११९ दिवसच?" म्हणून नाक मुरडणंही बरोबर नाही. म्हातारे, आजारी, मोठी गाठ असलेले कुत्रे होते ते.

एच-फायर म्हणजे काय? नवीन बातम्यांमधे हेच नाव दिसतं.

साध्या आयआरईची एक अडचण म्हणजे स्नायू जोरात आकसतात, कारण लांब पल्स नसांनाही, म्हणजे मज्जातंतूंनाही, चेतवतात. म्हणून पूर्ण भूल आणि वर स्नायू सैल करणारं औषध लागतं, पल्ससुद्धा ईसीजीशी जुळवून हृदयाच्या ठोक्यातल्या सुरक्षित वेळी द्याव्या लागतात. मग दावालोस यांच्या लॅबने २०११ मधे दुसरा मार्ग दाखवला: एक लांब पल्स द्यायच्या ऐवजी एक-दोन मायक्रोसेकंदांच्या उलटसुलट, म्हणजे धन-ऋण-धन-ऋण अशा पल्सचा झोत द्यायचा. धन पल्सने नस चेतवायला घ्यावी तोवर ऋण पल्स येऊन ते पुसून टाकते, त्यामुळे स्नायू जवळजवळ हलत नाहीत. याला हाय-फ्रिक्वेन्सी आयआरई म्हणजे एच-फायर म्हणतात. २०१८ मधे मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) असलेल्या ३ कुत्र्यांवर तो करून बघितला, आधी पल्स दिल्या, मग गाठ काढून मायक्रोस्कोपखाली तपासली, म्हणजे पल्सने नेमकं काय केलं ते डोळ्यांनी बघता आलं.

दुसरा फायदा जास्त ओढ लावणारा आहे. इतक्या छोट्या पल्समधे पेशीचं बाहेरचं आवरण पूर्ण चार्ज व्हायला वेळच मिळत नाही, फील्ड थोडं आत शिरतं, त्यामुळे पेशीचा आकार कमी महत्त्वाचा होतो आणि आत केंद्रक किती मोठं आहे ते महत्त्वाचं ठरतं. कॅन्सरच्या पेशींचं केंद्रक बहुधा मोठं असतं. २०१५ मधे लॅबमधल्या पेशींवर दाखवलं की यामुळे घातक पेशी निरोगी पेशींपेक्षा कमी फील्डला मरू शकतात. हे जिवंत मेंदूत तेवढंच खरं ठरलं तर गाठीच्या कडेला, जिथे चांगल्या वाईट पेशी मिसळलेल्या असतात, तिथे निवडून मारता येईल. "ठरलं तर" हे दोन शब्द मात्र विसरू नका. आणि एच-फायरला फील्ड जास्त लागतं, म्हणजे एका फेरीत मरणारा भाग लहान.

ब्लड-ब्रेन बॅरियर उघडतो म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि मला विचाराल तर या सगळ्यातला सगळ्यात आशेचा भाग हाच आहे.

मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरतच नाहीत. हा बंदोबस्त आपल्या भल्यासाठी आहे, पण ट्युमरच्या वेळी तोच आड येतो: लॅबच्या डिशमधे पेशी मारणारं औषध पेशंटच्या मेंदूत पोचत नाही. गाठीच्या मधल्या भागात हा अडथळा बऱ्याचदा ढिला झालेला असतो, पण कडेला, जिथे पसरलेल्या पेशी लपलेल्या असतात, तिथे तो चांगला शाबूत असतो.

आता इलेक्ट्रोडच्या जवळ फील्ड सगळ्यात जोरदार, दूर जावं तसं कमी. जवळच्या भागात पेशी मरतात. त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात पेशी मरत नाहीत पण बॅरियर तात्पुरता उघडतो. इस्रायलमधे उंदरांवर एमआरआय करून २०१२ मधे हे दाखवलं, व्हर्जिनिया टेकच्या गटानेही उंदरांवर दाखवलं. म्हणजे एकाच वेळी दोन कामं: मधली गाठ मारायची आणि भोवतीच्या पट्ट्यात, जिथे पळालेल्या पेशी आहेत, तिथे औषध शिरायला वाट करायची. उघडलेला अडथळा पल्सच्या डोसप्रमाणे काही तासांत ते काही दिवसांत पुन्हा मिटतो. ऑपरेशनने गाठ काढली तरी ती परत येते ती बहुतेक वेळा त्याच कडेने, म्हणून पट्ट्याची ही गोष्ट इतकी मन लावून सांगतोय.

धोका पण तिथेच आहे. बॅरियर उघडला की पाणीही आत येतं, सूज वाढते, आणि कवटी काही ताणत नाही.

पल्स आणि केमो एकत्र, असं कुणी केलंय का?

हो, आणि ते जुनं काम आहे. स्वीडनमधे लुंडच्या साल्फर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मधेच उंदरांच्या मेंदूतल्या गाठीवर ब्लिओमायसिन आणि पल्स एकत्र वापरून आयुष्य वाढल्याचं दाखवलं. ब्लिओमायसिन पेशीच्या आवरणातून सहज आत जात नाही, पण आत गेलं की डीएनए तोडतं, त्यामुळे दार उघडून दिलं की त्याचा परिणाम शेकडो पटींनी वाढतो. २०११ मधे डेन्मार्कच्या यूली गेल यांच्या गटाने १३ उंदरांपैकी ९ मध्ये गाठ पूर्ण नाहीशी झाल्याचं छापलं. आकडा मोठा आहे, पण उंदरांच्या गाठीबद्दल वर जे लिहिलं ते इथेही लागू आहे.

त्वचेच्या आणि त्वचेखालच्या गाठींवर हीच इलेक्ट्रोकेमोथेरपी युरोपात माणसांवर वर्षानुवर्षं चालू आहे, कुत्र्या-मांजरांच्या गाठींवरही. मेंदूत मात्र अजून प्रयोगच.

डोक्यावर चिकटवायचं मशीन असतं ना, ते हेच का?

नाही. ते ट्युमर ट्रीटिंग फील्ड्स, नोव्होक्युअर कंपनीचं ऑप्ट्यून. त्यात पल्स नाहीत, सुया नाहीत. टाळू भादरून पॅड चिकटवतात आणि २०० किलोहर्ट्झचं अगदी सौम्य फील्ड, सेंटीमीटरला एक ते तीन व्होल्ट, दिवसातले १८ तास किंवा जास्त चालू ठेवतात. ते छिद्रं पाडत नाही, पेशी दुभागताना तिची घडी बिघडवतं. ते माणसांमधे मंजूर आहे: अमेरिकेत परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी २०११ मधे, नव्याने निदान झालेल्यांसाठी २०१५ मधे. मोठ्या ट्रायलमधे टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाबरोबर ते वापरलेल्यांचं मिडियन आयुष्य २०.९ महिने आणि नुसत्या टेमोझोलोमाइडवाल्यांचं १६ महिने निघालं. खर्च फार मोठा आहे, तो आधी नीट विचारून घ्या.

आणि मनोविकारांसाठी शॉक देतात ते?

ते पूर्ण वेगळं. तिथे कवटीबाहेरून करंट देऊन भूल दिलेल्या अवस्थेत नियंत्रित फिट आणतात. पेशी मारायचा प्रश्नच येत नाही.

धोके काय काय?

फिट येणं, म्हणून आकडीची औषधं आधीपासून चालू ठेवतात. सूज, म्हणून स्टेरॉइड आणि गरज पडली तर मॅनिटॉल. सुई घालताना रक्तस्राव. भुलीचे नेहमीचे धोके, आणि वर सांगितला तसा न्यूमोनिया, गिळण्याची क्रिया बिघडलेल्या आजारी कुत्र्यात तो नेहमीच डोक्यावर असतो. मशीनचा धोका वेगळा: मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग, पाणी भरलेल्या पोकळ्या, सूज आलेली जागा, सगळ्यांची वीज वाहायची क्षमता वेगवेगळी, आणि पल्स चालू असताना पेशींना छिद्रं पडली की ती आणखी बदलते. त्यामुळे कागदावर काढलेला गोल प्रत्यक्षात वाकडा होतो. रॉसमाइझल यांच्या पेपरात प्लॅनिंगवर एवढा भर आहे तो उगाच नाही.

एकदा केलं की गाठ कायमची जाते का?

नाही. दिसते ती गाठ मारता येते, न दिसणाऱ्या पेशी राहतात. म्हणून सगळेच गट पल्सच्या जोडीला काहीतरी बघतायत: रेडिएशन, औषध, किंवा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. यातली प्रतिकारशक्तीची बाजू अशी, की पल्सने पेशी भाजून जात नाहीत, त्यांची प्रथिनं बऱ्यापैकी शाबूत बाहेर पडतात, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना ती ओळखायला जास्त संधी मिळते. उंदरांमधे याची चिन्हं दिसलीत, कुत्र्यांमधे तपासणं चालू आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेला पेशंट इथे का हवा ते यावरून लक्षात येईल.

माझ्या कुत्र्याला ब्रेन ट्युमर आहे. मला हे करून मिळेल का?

सरळ सांगतो, हा नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या पशुवैद्यकीय कॉलेजशी जोडलेल्या केंद्रात ट्रायल्स होतात, पण आजारी, फिट येणारा कुत्रा विमानाने इतक्या लांब नेणं म्हणजे त्याचेच हाल.

इथे करता येण्यासारखं काय? आधी निदान. म्हाताऱ्या कुत्र्याला पहिल्यांदा फिट आली, चक्राकार फिरतोय, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतोय, एका बाजूचं दिसत नाहीये, तर एमआरआय हवा, नुसत्या अंदाजावर वर्षभर औषधं नकोत. मोठ्या शहरांत प्राण्यांसाठी एमआरआयची सोय हळूहळू होतेय, नजीकच्या पशुवैद्यकीय कॉलेजमधे चौकशी करा. मेंदूच्या वरच्या आवरणातली मेनिंजिओमा असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, ग्लायोमात अवघड. स्टेरॉइडने सूज उतरून कुत्रा काही आठवडे, कधी काही महिने छान राहतो, हा वेळ खरा असतो, त्याला कमी लेखू नका. आणि गार्डिनाल किंवा लेव्हेटिरासेटाम ही आकडीची औषधं एकदम बंद करू नका, गोळ्या संपत आल्या की आधीच आणून ठेवा, एक दिवस चुकला तरी फिटची रांग लागू शकते.

आईला ग्लायोब्लास्टोमा आहे. यासाठी थांबावं का?

अजिबात नाही. आजचा नेहमीचा उपचार, जेवढं शक्य तेवढं ऑपरेशन, मग रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड, लगेच सुरू करा. २००५ च्या ट्रायलमधे नुसत्या रेडिएशनने मिडियन आयुष्य १२.१ महिने होतं, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६ झालं. हे आकडे वाचताना पोटात खड्डा पडतो, मला माहिती आहे, पण मिडियन म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. ट्रायल हवीच असेल तर टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी न्यूरो-ऑन्कोलॉजिस्टना विचारा आणि सीटीआरआय या भारताच्या सरकारी ट्रायल रजिस्टरमधे स्वतः शोधा, तिथे कुणालाही बघता येतं. ट्रायलमधे घ्यायला कुणी मोठी रक्कम मागत असेल तर तिथेच सावध व्हा.

घरच्या वापराची पल्स मशीन विकायला आहेत, ती चालतील?

नाही, नाही आणि नाही. कवटीच्या बाहेरून बॅटरीच्या यंत्राने मेंदूतल्या गाठीत दर सेंटीमीटरला शेकडो व्होल्टचं फील्ड तयार होत नाही, कवटी आणि कातडी ते होऊ देत नाहीत. जी यंत्रं कंबरदुखीसाठी मिळतात ती वेगळी. कॅन्सरच्या नावाने ती विकणारे लोक घाबरलेल्या घरांचे पैसे आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ खातात. फिट येणाऱ्या पेशंटच्या डोक्याला तर कुठलंही असलं यंत्र लावू नका.

हेच तंत्र हृदयासाठी वापरतात असं ऐकलं?

हो, तिथे ते माणसांपर्यंत आधी पोचलं. एट्रियल फिब्रिलेशनमधे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तेव्हा, पल्स्ड फील्ड अॅब्लेशन वापरतात. अमेरिकेत पहिल्या अशा यंत्राला २०२३ च्या डिसेंबरमधे मंजुरी मिळाली. नसा आणि अन्ननलिका जवळ असताना न भाजता काम होतं हाच तिथला फायदा. हृदयात मारायचा भाग कुठे आहे ते ठरलेलं असतं, ग्लायोमा मात्र कुठवर पसरलीय तेच दिसत नाही, म्हणून तिथलं यश बघून इथली घाई करू नये.

भारतात असे प्रयोग करायला परवानगी कोण देतं?

प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, आधी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. प्रत्येक संस्थेला स्वतःची नैतिकता समिती लागते आणि कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या समितीबरोबर केंद्राच्या समितीचीही मंजुरी लागते. तुमच्या कुत्र्याला कुणी "नवीन ट्रायल" मधे घ्यायचं म्हणालं तर मंजुरीचं पत्र आणि संमतीचा फॉर्म मागा, फॉर्ममधे तीन गोष्टी बघा: कुत्रा मधेच बाहेर काढता येईल का, काही बिघडलं तर खर्च कोणाचा, आणि गेल्यानंतर तपासणीसाठी मेंदू घेणार आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण हो म्हणतात, आणि पल्सने खरंच काय केलं ते कळण्याचा सगळ्यात पक्का मार्ग तोच आहे, पण हो म्हणायचं की नाही ते तुम्ही घरी बसून, शांतपणे, आधी ठरवा.